वजन जातं कुठं, आणि इक्वेशनमधला खालचा आकडा का बदलायचा नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी नववीत आहे, इक्वेशन बॅलन्स करते पण अंदाजपंचे, जमेपर्यंत आकडे टाकत राहते, आणि अडलं की एच२ओ चं सरळ एच२ओ२ करून मोकळी होते, वर म्हणते "झालं की दोन्हीकडं सारखं". दुसरी तिची शंका अशी की मॅग्नेशियमची फीत जाळली तर राख फितीपेक्षा जड भरते, कागद जाळला तर चिमूटभर राख उरते, मग वस्तुमान कायम राहतं हे पुस्तक कशाच्या जोरावर म्हणतंय. वडील विचारतायत की ह्या दोन गोष्टी तिला कशा समजवायच्या.

मी २२ वर्षं रसायनशास्त्र शिकवतेय आणि मला विचाराल तर ह्या दोन अडचणी नाहीतच, एकच आहे. आपलं भांडं कुठं संपतं ते तिनं ठरवलेलं नाही. वजन करताना भांड्यात काय काय धरायचं हे ठरलं नसेल तर वजन कधी वाढतं कधी घटतं, आणि इक्वेशन लिहिताना तेच झालं की आकडे जुळत नाहीत आणि मग पोरं सूत्राशी खेळायला लागतात. म्हणून आधी वजनाचं बोलते, बॅलन्सिंगला मग फार काही उरत नाही.

आधी टायपिंगचं एक सांगून टाकते. चिन्हं इथं देवनागरीतच लिहितेय, त्यामुळे चिन्हाला मागून चिकटलेला आकडा म्हणजे वहीत आपण खाली बारीक लिहितो तो, आणि सूत्राच्या पुढं सुटा लिहिलेला आकडा म्हणजे सहगुणक. २ एच२ओ म्हणजे पाण्याचे दोन रेणू, बस.

तर मॅग्नेशियम. २.४ ग्रॅम फीत पूर्ण जळली तर ४ ग्रॅम पांढरी पूड व्हायला पाहिजे, वरचे १.६ ग्रॅम हवेतला ऑक्सिजन आहे. पहिलं वजन करताना तो ऑक्सिजन तराजूवर नव्हताच, तो खोलीत होता, आणि दुसऱ्या वजनाला तो पुडीत बसून तराजूवर आला. (वर्गात बरोबर ४ कधी येत नाही हे पण सांगून ठेवते, थोडी पूड धूर होऊन उडते आणि थोडं मॅग्नेशियम हवेतल्या नायट्रोजनशी जुळून नायट्राइड होतं. ३.७ आले म्हणून कुणी वहीत खाडाखोड करून ४ लिहू नये.) कागदाचं ह्याच्या उलट, तिथं बनलेला बराचसा माल कार्बन डायऑक्साइड आणि वाफ होऊन निघून गेला, आणि आपण मागं राहिलेल्या राखेचंच वजन करत बसलो.

मेणबत्ती तर अजून गंमतशीर आहे, कारण ती संपते तेव्हा हातात काहीच उरत नाही. मेणाचा एक नेहमीचा घटक घ्या, २५ कार्बन आणि ५२ हायड्रोजनवाला. त्याचे ३५२ ग्रॅम जाळायला १२१६ ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि त्यातून ११०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ४६८ ग्रॅम पाणी बनतं. बेरीज करून बघा, दोन्हीकडं १५६८. म्हणजे "संपलेल्या" मेणबत्तीचा धूर-वाफ सगळं पकडून तराजूवर ठेवलं असतं तर ते मेणाच्या चौपटीहून जास्त भरलं असतं. मी हे फळ्यावर मांडते तेव्हा वर्गात एकदा तरी "काय सांगता मॅडम" ऐकू येतंच.

आणि मुलीला हे पण सांगा की तिची शंका काही बावळट नाही, भल्याभल्यांनी ह्यावर डोकं फोडलंय. १७ व्या शतकात रॉबर्ट बॉइलनं काचेच्या बंद भांड्यात कथील तापवलं, मग भांडं उघडलं, उघडताना हवा सूंऽ करत आत गेल्याचा आवाज पण त्याला आला, आणि नंतर त्यानं वजन केलं. वजन वाढलेलं होतं, आणि त्यानं निष्कर्ष काढला की आगीचे बारीक कण काचेतून आरपार आत शिरले असणार. एवढा मोठा माणूस, आणि चूक कुठं तर वजन करायच्या आधी झाकण उघडलं, बस. लव्हाझिए ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १७७४ मध्ये हाच प्रयोग केला पण वजन उघडायच्या आधी पण केलं आणि उघडल्यावर पण केलं. बंद होतं तोपर्यंत काही फरक नाही, उघडल्यावर हवा आत गेली आणि वजन वाढलं, म्हणजे कथलाला चिकटलेली वस्तू भांड्यातल्याच हवेतली होती, आग वगैरे काही नाही. त्या काळात जळताना वस्तूतून फ्लॉजिस्टॉन नावाचं काहीतरी बाहेर पडतं असं सगळे मानायचे, आणि धातू जाळल्यावर जड का होतो असं विचारलं की काही जण म्हणायचे फ्लॉजिस्टॉनला उणे वजन असतं. उणे वजन! कल्पना वाचवायला माणूस कुठवर जातो बघा.

आता माझी स्वतःची फजिती. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा प्रयोग सगळ्यांना माहीत असतो, उघड्या भांड्यात केला की फसफस होते आणि वजन घटतं, मग फुगा लावून करायचा म्हणजे गॅस अडकतो आणि वजन सारखं राहतं, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. मी पण तसाच केला, १ ग्रॅम सोडा फुग्यात, व्हिनेगर बाटलीत, तराजू ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. फुगा टम्म फुगला आणि आकडा सुमारे ०.३ ग्रॅमनं खाली आला. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, नियम मोडला". मी म्हटलं गळती असेल, दोरा करकचून बांधून परत केला, परत ०.३ कमी. त्या दिवशी मी तास कसाबसा उरकला आणि घरी जाऊन कागद-पेन घेऊन बसले तेव्हा कळलं की गळती नव्हतीच. १ ग्रॅम सोड्यातून साधारण अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, खोलीच्या तापमानाला तो पाव लिटरहून थोडा जास्त होतो, फुगा फुगताना तेवढी हवा बाजूला सारतो, आणि एक लिटर हवा सुमारे १.२ ग्रॅम भरते. म्हणजे बाजूला सारलेल्या हवेनं फुग्याला ०.३ ग्रॅमच्या आसपास वर उचलून धरलं होतं, पाण्यात बुडवलेली वस्तू हलकी लागते तसंच. वस्तुमान जागेवर होतं, तराजूवर पडणारा भार तेवढा कमी झाला होता. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन सांगितलं की काल मी चुकीचं उत्तर दिलं, आणि प्रयोग सॉफ्ट ड्रिंकच्या जाड प्लास्टिक बाटलीत केला, घट्ट झाकणवाली, अर्धा लिटरची, सोडा तेवढाच १ ग्रॅम (जास्त अजिबात नाही, आणि काचेची बाटली तर मुळीच नाही, फुटेल). बाटली फुगत नाही म्हणून आकडा हलत नाही. मग झाकण जरा सैल केलं, फुस्स झालं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आकडा खाली घसरला. त्या एका फुस्स मध्ये अर्धा धडा शिकवून होतो.

शाळेच्या लॅबमध्ये करायचा असेल तर सोडियम सल्फेट आणि बेरियम क्लोराइडवाला प्रयोग सगळ्यात निवांत, त्यात गॅसची भानगडच नाही. शंकूच्या आकाराच्या चंबूत एक द्रावण, दुसरं छोट्या परीक्षानळीत, नळी दोऱ्यानं आत लटकवायची, बूच लावायचं, वजन करायचं, मग चंबू तिरपा करून दोन्ही मिसळायचं. दुधासारखा पांढरा साका होतो आणि वजन तेवढंच्या तेवढं. बेरियमची संयुगं विषारी असतात त्यामुळे हे घरी नाही, लॅबमध्ये आणि सर किंवा मॅडम समोर असतानाच.

आता इक्वेशन. हिला मी एवढंच म्हणेन की इक्वेशन म्हणजे त्या बंद बाटलीची जमाखर्चाची वही आहे. बाण म्हणजे चंबू तिरपा केला तो क्षण. आत कुणी नवीन अणू टाकला नाही, बाहेर कुणी काढला नाही, फक्त कोण कुणाला धरून बसलंय ते बदललं, म्हणून डावीकडं जेवढे अणू तेवढेच उजवीकडं. ही समीकरणाची कल्पना पण लव्हाझिएकडूनच आलीय म्हटलं तरी चालेल, १७८९ च्या त्याच्या पुस्तकात द्राक्षाच्या रसाचं आंबणं सांगताना त्यानं एका बाजूला रस, मध्ये बरोबरचं चिन्ह आणि दुसऱ्या बाजूला कार्बनिक आम्ल (आपण आज कार्बन डायऑक्साइड म्हणतो ते) अधिक अल्कोहोल असं चक्क बीजगणितासारखं मांडलंय. आजच्या भाषेत १८० ग्रॅम ग्लुकोजमधून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड.

मग एच२ओ चं एच२ओ२ का नाही करायचं? कारण खालचा आकडा तिच्या मालकीचाच नाही. पाण्याच्या रेणूत किती हायड्रोजन किती ऑक्सिजन हे संयुजेनं, म्हणजे एक अणू किती बंध जोडू शकतो त्यानं, ठरवलंय, ती बदलली की वस्तूच बदलली, एच२ओ२ म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, ते प्यायलं तर दवाखान्यात जावं लागेल. तिच्या हातात एकच गोष्ट आहे, कुठला रेणू किती वेळा. एच२ + ओ२ → एच२ओ मध्ये उजवीकडं एक ऑक्सिजन कमी पडतोय तर पाण्याचा अजून एक अख्खा रेणू घ्यावा लागेल, त्याच्याबरोबर दोन हायड्रोजन पण येणार, मग डावीकडं एच२ अजून एक. २ एच२ + ओ२ → २ एच२ओ. तिला दोन रंगांची बटणं द्या आणि टेबलावर मांडायला सांगा, सुटं बटण नुसतं आणून चिकटवायला परवानगी नाही, आणायचा तर पूर्ण रेणू आणायचा. मोठ्या मुलांना हे बालिश वाटतं, पण मी अकरावीच्या पोरांना पण करायला लावलंय आणि ज्यांना नाक मुरडावंसं वाटलं त्यांचीच गाडी आधी अडकली.

ह्याच बटणांत अजून एक कळतं. डावीकडं तीन रेणू होते, उजवीकडं दोन. रेणूंची संख्या कायम राहत नाही, गॅसचं आकारमानही कायम राहत नाही, कायम राहतात फक्त अणू आणि म्हणून वस्तुमान. आणि पुढचे आकडे म्हणजे ग्रॅम नव्हेत, २ ग्रॅम हायड्रोजनला १ ग्रॅम ऑक्सिजन असं वाचणारे दरवर्षी भेटतात, खरं तर ४ ग्रॅमला ३२ ग्रॅम लागतो आणि ३६ ग्रॅम पाणी होतं.

अंदाजपंचेवर उपाय म्हणजे सुरुवात कुठून करायची ते ठरवणं. जे मूलद्रव्य दोन्हीकडं फक्त एकेका पदार्थात आहे ते आधी धरायचं, आणि जे सुटं एकटं आहे (ओ२, एच२, नुसता धातू) ते अगदी शेवटी, कारण त्याचा आकडा बदलला तर दुसऱ्या कुणाचं बिघडत नाही. लोखंड आणि वाफ बघा, एफई + एच२ओ → एफई३ओ४ + एच२. पोरं लोखंडापासून सुरू करतात कारण ते पहिलं लिहिलेलं असतं. ऑक्सिजनपासून करा, तो दोन्हीकडं एकेकाच संयुगात आहे: उजवीकडं ४, म्हणून ४ एच२ओ. त्यामुळे हायड्रोजन ८, म्हणून ४ एच२. लोखंड सुटं आहे, शेवटी ३ टाकलं की संपलं. एकदाही मागं जावं लागलं नाही.

ज्वलनात कार्बन, मग हायड्रोजन, मग ऑक्सिजन. इथेनला दोन कार्बन सहा हायड्रोजन, उजवीकडं २ सीओ२ आणि ३ एच२ओ, ऑक्सिजन झाले ७, ओ२ तर जोडीनंच येतो. मग मधल्या पायरीत साडेतीन लिहा की बिनधास्त, शेवटी सगळं दोननं गुणा: २, ७, ४, ६. अपूर्णांकाला घाबरून पोरं इथंच अर्धा तास घालवतात. आणि सल्फेट, नायट्रेट, हायड्रॉक्साइड असे गट अख्खेच्या अख्खे इकडून तिकडं जात असतील तर त्यांना फोडून मोजू नका, एक नग म्हणून मोजा. ॲल्युमिनियम सल्फेटमध्ये ३ सल्फेट आहेत आणि कॅल्शियम सल्फेटमध्ये १, तर कॅल्शियमवाले ३ घ्या, ऑक्सिजनचे १२ मोजत बसायची गरजच नाही.

कधी कधी ह्यानं पण जमत नाही, उदाहरणार्थ पोटॅशियम परमँगनेट अधिक हायड्रोक्लोरिक आम्ल, ज्यातून पोटॅशियम क्लोराइड, मँगनीज क्लोराइड, पाणी आणि क्लोरीन येतं. इथं क्लोरीन तीन ठिकाणी विखुरलाय, डोळ्यांनी नाही दिसत. मग बीजगणित लावा, परमँगनेट १ धरा: पोटॅशियम क्लोराइड १, मँगनीज क्लोराइड १, ऑक्सिजन ४ म्हणून पाणी ४, हायड्रोजन ८ म्हणून आम्ल ८. क्लोरीन डावीकडं ८, उजवीकडं १ आणि २ असे ३ खर्ची पडले, उरले ५, म्हणजे अडीच रेणू. दोननं गुणा, २ आणि १६, तिकडं २, २, ८, ५. आता वजनानं तपासा कारण तेच तर सिद्ध करायचंय: ३१६ आणि ५८४ मिळून ९००, तिकडं १४९, २५२, १४४ आणि ३५५, ते पण ९००. बेरीज जुळल्यावर मला अजून पण बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

एक सावध करते, बॅलन्स झालं म्हणजे बरोबर झालं असं नाही. तांबं आणि विरल सल्फ्युरिक आम्ल, त्यातून कॉपर सल्फेट आणि हायड्रोजन, कागदावर एकदम छान बॅलन्स होतं, पण परीक्षानळीत काही म्हणजे काही होत नाही. वहीत हिशोब जुळला म्हणून व्यवहार झाला असं थोडंच असतं. आणि आयनांचं, म्हणजे प्रभार असलेल्या अणूंचं किंवा अणुगटांचं, इक्वेशन असेल तर अणूंबरोबर प्रभार पण मोजायचा. तांबं अधिक चांदीचा आयन, त्यातून तांब्याचा आयन अधिक चांदी, अणू एकास एक जुळतात, पण डावीकडं प्रभार +१ आणि उजवीकडं +२, म्हणून चांदीचे दोन घ्यावे लागतात. पोरं इथं हमखास मार्क घालवतात.

हुशार पोरं मग आइनस्टाइन काढतात, ऊर्जा बाहेर पडली तर वस्तुमान कमी व्हायला नको का. होतं की, पण किती? १८ ग्रॅम पाणी बनताना जी उष्णता निघते तिचा हिशोब केला तर ३ नॅनोग्रॅमच्या आसपास, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाचे तीन. लँडोल्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८९० च्या दशकापासून पुढं कितीतरी वर्षं बंद नळ्यांत वेगवेगळ्या अभिक्रिया करून वजनं केली, आणि शेवटी त्याच्या प्रयोगातल्या चुकीपलीकडं फरक असा मिळाला नाही. शाळेच्या तराजूनं तर विषयच सोडा.

घरी करायला तिला दोन साधी द्या, प्रोपेनचं ज्वलन आणि लोखंड अधिक ऑक्सिजनपासून एफई२ओ३, पेन्सिलीनं करू दे आणि खाली दोन रकान्यांत अणूंची यादी मांडायला लावा. तिसरं मात्र मुद्दाम मोडकं द्या, काही न सांगता: खाण्याचा सोडा तापवला, एनएएचसीओ३ → एनए२सीओ३ + एच२ओ. ती २ सोडा घेईल, सोडियम जुळेल, हायड्रोजन जुळेल, आणि मग काही केल्या पुढं सरकणार नाही, बहुतेक परत खालचा आकडा बदलायला जाईल. तेव्हा फक्त वजनं करायला सांगा. डावीकडं १६८, उजवीकडं १०६ आणि १८ मिळून १२४, आणि अणूंच्या यादीत उजवीकडं एक कार्बन आणि दोन ऑक्सिजन कमी. ते ४४ ग्रॅम कुठल्या फटीतून गेले ते तिचं तिला सापडू दे, तुम्ही बोलू नका.